आईच्या रिपोर्टात नसलेला आकडा

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका २६ वर्षांची, मराठवाड्यातल्या एका शहरात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या ५१ वर्षांच्या आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला आहे. प्रकार स्क्वॅमस (वरच्या चपट्या पेशींचा), स्टेज टू-बी. डॉक्टरांनी बाहेरून शेक (रेडिएशन), सोबत आठवड्याला केमो आणि नंतर आतून शेक असं सांगितलं आहे. आठ-दहा दिवसांत सुरू होईल. आईला मात्र ‘पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे’ एवढंच माहीत आहे. लेकीने रात्री जागून शोधनिबंध वाचले. त्यांत मिर-२१, हॉटएअर, मॅलॅट-१ अशी नावं पुन्हा पुन्हा आली. हे नॉन-कोडिंग आरएनए (पेशीतले, प्रथिन न बनवणारे रेणू) ज्यांच्या गाठीत जास्त, त्या बायका कमी जगल्या, असं त्या निबंधांत आहे. तिने हॉस्पिटलातून आईचा बायोप्सीचा ब्लॉक (गाठीचे तुकडे बसवलेला मेणाचा ठोकळा) मागून आणला आहे. मैत्रिणीच्या लॅबमध्ये पीसीआरचं, म्हणजे असे आरएनए मोजायचं, मशीन आहे. ती विचारते, “ही टेस्ट मी स्वतः करू का? आईजवळ किती दिवस आहेत ते कळलं तर धाकट्या भावाचं शिक्षण, माझं लग्न, सगळं नीट ठरवता येईल. बाबा म्हणतात, कशाला हा उपद्व्याप. आणि रिझल्ट वाईट आला, तर तिला शेकाच्या त्रासातून न्यायचं तरी कशाला?”

प्रिय मुली,

‘अहो-जाहो’ करत नाही. वीस वर्षं पॅथॉलॉजीच्या टेबलावर काढली, शिकाऊ मुली तुझ्याच वयाच्या असायच्या.

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो वाचून माझ्या पोटात गोळा आला. टू-बी म्हणजे गाठ गर्भाशयाच्या बाजूच्या ऊतींत शिरली आहे, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली नाही. या स्टेजला डॉक्टर शेक देतात तो दुखणं कमी करायला नव्हे, रोग बरा करायला. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने याच आजाराच्या ६३५ बायकांवर मोठा अभ्यास केला. अर्ध्या बायकांना आधी केमो आणि मग ऑपरेशन, अर्ध्यांना केमोसह शेक. २०१८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. शेक घेतलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के बायका पाच वर्षांनंतर रोगमुक्त होत्या. त्या वन-बी-टू ते टू-बी या स्टेजच्या होत्या, म्हणजे तुझी आई त्याच रांगेतली. चारातल्या तिघींना जो उपचार रोगातून बाहेर काढतो, तो पीसीआरच्या एका आकड्यावरून सोडायचा? कुठलाही आकडा येवो, शेक ठरल्या दिवशी सुरू व्हायलाच हवा. पुढचं सगळं हे धरून वाच.

आता टेस्टकडे येते. तू वाचलेलं खोटं नाही आणि तू वेडेपणाही करत नाहीस. हे शास्त्र खरं आहे, सुंदर आहे. इतर वाचकांसाठी दोन शब्द सांगते, तुला ते पाठ असेल. आपल्या जनुकसंचातला जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनं बनवण्याच्या कामाचा. उरलेल्या भागातूनही आरएनए बनतात, पण त्यांतून प्रथिन तयार होत नाही. पूर्वी त्यांना अडगळ समजायचे. १९९३ साली एका बारीकशा कृमीत असा एक चिमुकला आरएनए सापडला, जो दुसऱ्या जनुकाचा निरोप वाटेतच अडवत होता. त्याच कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. अशा चिमुकल्यांना मायक्रोआरएनए म्हणतात, नावाआधी ‘मिर’ लागतं तेच; त्यांची लांबी बावीसेक अक्षरांची. दोनशे अक्षरांहून लांब असतात ते लाँग नॉन-कोडिंग, त्यांतलेच तुझे हॉटएअर आणि मॅलॅट-१.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी यांचं नातं थेट आहे. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. विषाणूचं ई-सिक्स नावाचं प्रथिन पेशीतल्या पी-५३ या राखणदाराला संपवतं. पी-५३ गेला की त्याच्या सांगण्यावरून बनणारा मिर-३४ए घटतो, आणि पेशीच्या वाढीवरचा आणखी एक लगाम सुटतो. म्हणजे हे आरएनए गाठीत काय बिघडलंय त्याची खूण सांगतात, यात शंका नाही. शंका दुसरीकडे आहे. गाठीत काय चाललंय हे सांगणं वेगळं, आणि एका विशिष्ट बाईचं पुढे काय होईल हे सांगणं वेगळं.

तुझ्या टेबलावरचा तो ब्लॉक डोळ्यांसमोर आण. पांढऱ्या मेणाचा चौकोन, मध्ये तांदळाच्या दाण्यांएवढे दोन-तीन करडे तुकडे. मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, त्याची तीन-चार मायक्रॉनची पट्टी निघते, कोमट पाण्यावर तरंगते, ती काचेवर अलगद उचलायची. मी हे हजारो वेळा केलं आहे. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की कळतं, त्या दाण्यात नुसता कॅन्सर नसतो. कॅन्सरच्या पेशींची बेटं असतात, त्यांच्याभोवती तंतुमय ऊती, लिम्फोसाइट्सचे (पांढऱ्या पेशींचे) थवे, मधूनच मेलेल्या पेशींचा चुरा. एका तुकड्यात कॅन्सर सत्तर टक्के, शेजारच्यात वीस. तू पट्ट्या खरवडून आरएनए काढशील तेव्हा हे सगळं एकाच नळीत येईल. मिर-२१ तर गाठीभोवतीच्या तंतुमय पेशींतही भरपूर बनतो. मग मशीनवर आलेला आकडा कॅन्सरचा की त्या तंतूंचा? शिवाय बायोप्सी टिकवायला वापरतात त्या फॉर्मलिनमध्ये आरएनएचे तुकडे पडतात. मायक्रोआरएनए आधीच आखूड, म्हणून टिकतात. हॉटएअर दोन हजारांवर अक्षरांचा, त्याच्या चिंध्या झालेल्या असतात.

समज, हे सगळं निस्तरलंस. पीसीआर अगदी नीट जमला. तरी आलेला आकडा ‘जास्त’ आहे की ‘कमी’ हे कशावरून ठरवणार? तू वाचलेले निबंध पुन्हा उघड आणि पद्धतीचा भाग वाच, निष्कर्षाचा नको. बहुतेक ठिकाणी असं दिसेल की शंभरेक बायकांच्या गाठी आरएनएच्या पातळीप्रमाणे रांगेत लावल्या आणि मधोमध रेघ मारली. रेघेच्या वरच्या ‘हाय’, खालच्या ‘लो’. म्हणजे कुठल्याही गावच्या, कुठल्याही शंभर बायका घेतल्या तरी निम्म्या ‘हाय’ निघणारच. रेघ त्या गटाची आहे, रोगाची नाही. तुझ्याकडे गट नाही, एकच ब्लॉक आहे. तुलनेच्या मापासाठी यू-६ हा आरएनए घेतलास तर एक उत्तर, दुसरा आरएनए घेतलास तर दुसरं. हे तुला मशीन सांगणार नाही. ते फक्त आकडा दाखवेल, आणि दशांशचिन्हानंतर तीन अंक आले की माणसाचा विश्वास बसतो.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. २०१० साली सेंट लुईसच्या गटाने १०२ गाठींत ९६ मायक्रोआरएनए तपासले. त्यांतून मिर-२००ए आणि मिर-९ हे दोन निवडले आणि त्यांवरून जगण्याचा अंदाज बांधता येतो असं मांडलं. पुढे २०१५ मध्ये टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी ७९ गोठवलेल्या गाठींवरून नऊ मायक्रोआरएनएंचा संच काढला. मग तोच संच ८७ वेगळ्या बायकांच्या मेणाच्या ब्लॉकवर पडताळून पाहिला. तीन वेगवेगळ्या रीतींनी पाहिला. तिन्ही वेळा पडताळा आला नाही. त्यांनी ते लपवलं नाही, छापलं, आणि कारणंही मांडली: एकाच गाठीत जागोजागी फरक, गोठवलेल्या आणि मेणातल्या नमुन्यांचा न जुळणारा हिशेब. त्या निबंधाबद्दल मला मनापासून आदर आहे. मोठं केंद्र, अनुभवी माणसं, हाताशी दीडशेवर गाठी, आणि तरीही ‘जमलं नाही’ असं म्हणायची तयारी. मेणाच्या ब्लॉकवर जे त्यांना साधलं नाही, ते एका रात्रीत मैत्रिणीच्या लॅबमध्ये तुला साधेल का?

नॉन-कोडिंग आरएनएची टेस्ट कधी कामाला येतच नाही, असं मात्र म्हणू नकोस. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीसीए-३ नावाच्या लाँग नॉन-कोडिंग आरएनएवरची लघवीची टेस्ट अमेरिकेत २०१२ पासून मंजूर आहे. पण तिचा उपयोग, पुन्हा बायोप्सी करावी की नाही, एवढं ठरवायला. तिच्या उत्तरावर काहीतरी करता येतं. तुझ्या टेस्टचं तसं नाही. ‘हाय’ आलं तरी केमोसह शेक, ‘लो’ आलं तरी केमोसह शेक. म्हणून या आजाराचे उपचार ठरवताना डॉक्टर ती मागत नाहीत.

ज्या वाचकांना खासगी लॅबचे लोक रक्तातल्या आरएनएचं ‘पॅनल’ विकायला येतात, त्यांनीही एवढंच विचारावं: रिपोर्ट ‘हाय’ आला तर माझ्या उपचारात नेमका काय बदल होईल, आणि तो बदल केल्याने बायका जास्त जगल्या हे कुठे दाखवलंय? उत्तर अडखळलं की पैसे खिशात ठेवावेत. रक्ताच्या टेस्टचा आणखी एक घोळ असतो. नळीत थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी त्यांतले मिर-१६, मिर-४५१ बाहेर येतात आणि हिशेब बिघडतो. सुई नीट लागली नाही म्हणून भविष्य वाईट, असं कसं चालेल? आणि एचपीव्हीची जी ‘एमआरएनए टेस्ट’ असते, ती वेगळी. ती विषाणूच्या प्रथिन बनवणाऱ्या आरएनएची, तपासणीसाठीची टेस्ट आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

मग आईचं पुढे काय होईल याचा अंदाज कशावरून बांधायचा? जे अंदाजाला खरोखर लागतं, ते बहुतेक तुझ्या फायलीत आहे: स्टेज, गाठ किती सेंटीमीटरची, एमआरआयमध्ये किंवा पेट स्कॅनमध्ये लिम्फ नोड (रोग पसरतो त्या लसीका-गाठी) सुजलेले दिसतात का, हिमोग्लोबिन किती, किडनीवर सूज आहे का. ही यादी घेऊन डॉक्टरांपुढे बस आणि सरळ विचार, “आईसारख्या शंभर बायकांपैकी किती जणी पाच वर्षांनी बऱ्या असतात?” डॉक्टर आकडा देतील. तो गटाचा असेल हे तुला ठाऊक आहेच. पण तो हजारो बायकांच्या अनुभवातून आलेला असेल, एका ब्लॉकमधून नाही.

तू एक आकडा शोधते आहेस ना? माझ्याकडे एक आहे: ५६. बाहेरचा शेक सोमवार ते शुक्रवार, साधारण पाच आठवडे, पंचवीसच्या आसपास खेपा. मग आतून शेक, ज्याला डॉक्टर ब्रेकी म्हणतात. पहिल्या दिवसापासून शेवटच्या ब्रेकीपर्यंत सगळं मिळून आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत संपायला हवं. लांबलं तर गाठ काबूत राहण्याची शक्यता घटते. वेगवेगळ्या अभ्यासांतून दर जास्तीच्या दिवसामागे अर्धा ते एक टक्का असा हिशेब निघतो. आता आपल्याकडे शेक कशाने लांबतो ते बघ. हिमोग्लोबिन आठावर आलं म्हणून थांबले. जुलाब लागले, घरी बसली. गौरी आल्या. पुतणीचं लग्न निघालं. “आता रक्त जायचं थांबलंय, बरं वाटतंय” म्हणून ब्रेकीला गेलीच नाही. हे शेवटचं तर फार होतं, आणि फार महागात पडतं, कारण गाठीच्या मुळापर्यंत पुरेसा डोस ब्रेकीच पोचवते. तुझ्या रात्रीच्या जागरणाची ताकद इथे लाव. हिमोग्लोबिन दहाच्या वर राहावं म्हणून डॉक्टर काय म्हणतात ते दर आठवड्याला विचार, रक्त चढवायची वेळ आली तर रक्तदाते आधीच बघून ठेव. ब्रेकीची तारीख आजच मागून घे, तिथे रांग असते. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार. रोज जाण्या-येण्यात आईचा जीव मेटाकुटीला येणार असेल, तर पाच आठवडे हॉस्पिटलजवळ एखादी खोली बघ. बाबांना उपद्व्याप नको आहेत ना, हे काम त्यांना दे. घरातल्या पुरुषांना काय करावं सुचत नाही म्हणून ते चिडतात, हे मी वॉर्डाबाहेरच्या बाकांवर खूप पाहिलं आहे.

आता आईबद्दल. माझं मन तिथेच अडकलं आहे. तुझ्या पत्रात आईच्या गाठीतल्या आरएनएबद्दल दोन पानं आहेत आणि आई काय म्हणते याबद्दल एक ओळही नाही. तो ब्लॉक आईचा आहे, मुली. तिच्या शरीराचा तुकडा आहे. संशोधनासाठी कोणाचा ब्लॉक घ्यायचा तर आम्ही नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची सही घेतो, आणि इथे जिचा ब्लॉक तिला आजाराचं नावच माहीत नाही. समज, ‘हाय’ आलं. ते ओझं घेऊन तू रोज तिच्यासमोर जेवायला बसणार. तिला काही माहीत नाही, तुला सगळं माहीत आहे असं वाटतंय, आणि जे माहीत आहे तेही पक्कं नाही. हे सहन होणार नाही.

आईला न सांगण्यामागे तुमची माया आहे हे मला कळतं. पण रोज शेकाला जाताना ती वेटिंगमध्ये इतर बायांशेजारी बसणार. दुसऱ्या दिवशीच कोणीतरी विचारेल, “तुमचा कुठला कॅन्सर?” तिला ते अनोळखी बाईकडून कळावं, की तुझ्याकडून? पन्नाशीची बाई, घर चालवलेली, दोन पोरं वाढवलेली. तिला अंदाज आला नसेल असं मला वाटत नाही. तीच तुम्हाला सांभाळून घेत असेल. एकदम सगळं सांगू नकोस. आधी विचार, “आई, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला जाणून घ्यायचंय का?” हो म्हणाली तर नाव सांग आणि त्याच दमात हेही सांग की यावर उपचार आहे आणि बरं व्हायचं म्हणूनच आपण तो घेतोय. नको म्हणाली तर तिचं ऐक, पण पुढच्या आठवड्यात परत विचार. सांगायला जमत नसेल तर डॉक्टरांना सोबत बसायला सांग. आणि एचपीव्हीचा विषय निघाला, नातेवाईक कुजबुजले, तर ठामपणे सांग: हा विषाणू बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी लागतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. काहींचा राहतो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही.

भावाचं शिक्षण आणि तुझं लग्न यांचं काय? यासाठी तुला आईजवळचे दिवस मोजायचे नाहीत, पुढचे चार-पाच महिने आखायचे आहेत. दोन महिने उपचार. त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी तपासणी आणि स्कॅन, तेव्हा गाठ किती विरली ते कळतं. रोग परत येतो तो बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, म्हणून तेवढा काळ दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं. भावाचं कॉलेज त्यासाठी थांबवू नका, फी भरा. लग्नाची घाई ‘आईने बघावं’ म्हणून करणार असशील तर मी नको म्हणेन. घाईने ठरवलेल्या लग्नाचा ताण शेवटी तिच्यावरच येईल. तो तीन महिन्यांचा स्कॅन होऊ दे, मग आईशीच बोल. कदाचित तिचं मत तुमच्यापेक्षा वेगळं निघेल.

एक गोष्ट तुझ्यासाठी. तू २६ची आहेस. एचपीव्हीची लस साधारण २६व्या वर्षापर्यंत घेता येते, तेव्हा या महिन्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना विचार. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक मिळते. तिशीपासून गर्भाशयमुखाची तपासणी. आणि मावशी, काकू, आत्या, सगळ्यांना धरून ने. तुझ्याच भागातला पुरावा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, २००९ साली तो छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बायका तुझ्या काकू-मावशांसारख्याच होत्या, शेतातून येऊन तपासायला बसलेल्या.

या आरएनएंवर काम करायची इच्छा असेल तर जरूर कर. पीएच.डी.ला हाच विषय घे. शे-दीडशे गाठी जमव, समितीची परवानगी काढ, आणि पहिल्या दिवशीच ठरव की पडताळा दुसऱ्या हॉस्पिटलच्या बायकांवर घेणार. अशा कामाची गरज आहे, आणि आपल्याकडे दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा आजार होतो. फक्त त्यात आईचा ब्लॉक नको.

तो ब्लॉक कापू नकोस. बायोप्सीत माल थोडाच असतो, चार प्रयोगांत संपतो. पुढे कधी रोग परतला तर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला बळ देणारं औषध) द्यायची का हे ठरवायला पीडी-एल-१ या प्रथिनाची तपासणी लागते, ती याच तुकड्यावर होऊ शकते. छोट्या डबीत घाल, वर आईचं नाव आणि बायोप्सी नंबर लिही, रिपोर्टच्या फायलीसोबत कपाटात ठेव. आणि उन्हाळ्यात प्रवासात नेताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नकोस, मेण वितळतं.